दिल्लीतली भांडणं आणि पेठच्या मुलीची फाइल

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व कार्यकारिणी सदस्य,
भारतीय ऑलिम्पिक संघटना,
ऑलिम्पिक भवन, नवी दिल्ली

विषय : संलग्नतेच्या वादात खेळाडूंची प्रमाणपत्रं बाद होण्याबाबत

अध्यक्ष महोदया आणि सदस्यहो,

नाशिकच्या एका शाळेतून क्रीडाशिक्षिका म्हणून निवृत्त झाले. आता सकाळी पंचवटीत मैदानावर मुलं घेते आणि दुपारी त्यांचे फॉर्म भरते. दुसऱ्या कामाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ जातो. त्या दुसऱ्या कामाबद्दलच हे पत्र आहे.

आपली कार्यकारिणी डिसेंबर २०२२ मध्ये आली. चार वर्षांची मुदत भरत आली आहे. दरम्यान संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ मंजूर केला, २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी तर आपण ऑक्टोबर २०२४ मध्येच इरादापत्र देऊन मोकळे झालात. आता पेपरात पुढचा अध्यक्ष कोण, कोणाचा गट भारी, याच्या बातम्या येत राहतील. आम्ही त्या वाचतो. पण आमच्याकडे खुर्चीवर कोण बसलं यापेक्षा त्या खुर्चीभोवती भांडण झालं की कोणाच्या पोरीची फाइल अडकते, हा प्रश्न मोठा आहे.

एक फाइल सांगते. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची मुलगी. आईवडील द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला उतरतात. मुलगी आश्रमशाळेत शिकली आणि तिथेच खेळायला लागली. खेळाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्या खेळाच्या दोन्ही संघटना माझ्या दारात येतील, आणि मला त्यांच्यापैकी कोणालाही चहा पाजायची इच्छा नाही. मुलगी राज्याच्या संघात निवडली गेली, राष्ट्रीय स्पर्धेला गेली, पदक घेऊन आली. प्रमाणपत्र बघण्यासारखं होतं: जाड कागद, सोनेरी किनार, माथ्यावर पाच वर्तुळं, खाली दोन सह्या आणि सह्यांच्या वर एक ओळ, ‘भारतीय ऑलिम्पिक संघटनेशी संलग्न’. वडिलांनी ते लॅमिनेट करून घेतलं.

पुढे पोलीस भरती निघाली. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी आधी प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. पडताळणीत मुलगी खेळली का, एवढंच बघत नाहीत. ती स्पर्धा भरवणारी संघटना त्या तारखेला मान्यताप्राप्त होती का, आपल्याशी संलग्न होती का, हेही बघतात. टेबलावरच्या माणसाने लॅमिनेशनवरून बोट फिरवलं, झेरॉक्सवर त्या ‘संलग्न’ ओळीशेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाला, “मॅडम, ह्यांचं वर भांडण चालू आहे. पत्र आणा.” त्याचं काही चुकलं नाही. नियम तसा आहे. पण पत्र कोणाकडून आणायचं? एका गटाने सांगितलं की आम्हीच खरे. दुसऱ्याने सांगितलं, ती स्पर्धाच बेकायदा होती, आमच्या स्पर्धेला का नाही आलात? आपल्या कार्यालयाला मेल केला, त्याला उत्तर नाही. भरतीची मुदत संपली. मुलगी सध्या अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे.

तिने कोणता गुन्हा केला होता? जिल्ह्याच्या संघटनेने सांगितलं त्या निवड चाचणीला गेली, राज्याच्या संघटनेने दिलेला टी-शर्ट घातला, दाखवलेल्या गाडीत बसली. सतराव्या वर्षी तिने आधी दिल्लीतल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त तपासायला हवं होतं का?

हे एकट्या पेठचं दुखणं असतं तर मी दिल्लीला पत्र लिहिलं नसतं. २०२४ च्या सुरुवातीला कुस्तीत काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. क्रीडा मंत्रालयाने निलंबित केलेल्या भारतीय कुस्ती महासंघाने जानेवारीच्या शेवटी पुण्यात राष्ट्रीय स्पर्धा घेतली. लगेच फेब्रुवारीत आपण नेमलेल्या हंगामी समितीने जयपूरला दुसरी राष्ट्रीय स्पर्धा घेतली. एकाच खेळाच्या, एकाच वर्षात, दोन ‘राष्ट्रीय’ स्पर्धा. पुण्याची प्रमाणपत्रं सरकारी लाभांसाठी चालणार नाहीत, असं क्रीडा मंत्रालयाने बजावलं. महासंघाच्या पदाधिकाऱ्यांवर महिला कुस्तीपटूंनी केलेले आरोप गंभीरच होते, कारवाई व्हायलाच हवी होती, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण ज्या पोराने पुण्याच्या मॅटवर वजन उतरवून, उपाशी राहून पदक घेतलं, त्याने कोणाचा काय अपराध केला होता?

आता आपल्याच घरचा इतिहास थोडा उगाळते. तो आपल्याला ठाऊक असणार, पण आमच्या बाजूने तो वेगळा दिसतो.

ही संघटना १९२७ ची. पण तिचं बी पडलं ते १९१९ मध्ये पुण्यात, डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा. त्यांनी तिथे अनवाणी धावणारी मुलं पाहिली. शेतात राबणारी, साध्यासुध्या अन्नावर वाढलेली, आणि तरी वेळ अशी की युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी हे सगळं स्वतः नोंदवलं आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची मदत घेऊन आणि स्वतःचे पैसे घालून त्यांनी १९२० मध्ये ॲन्टवर्पला संघ पाठवला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कोल्हापूरचे पैलवान रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले, पदक अगदी थोडक्यात हुकलं. तेव्हा ना संघटना होती, ना घटना, ना कार्यकारिणी. होती ती धावणारी पोरं आणि त्यांच्याकडे नीट बघणारा एक धनिक माणूस.

संघटना आली, दोराबजी पहिले अध्यक्ष झाले आणि वर्षभरात बाजूला झाले. १९२८ पासून खुर्ची पतियाळाच्या राजघराण्याकडे गेली. आधी महाराजा भूपिंदरसिंग, मग १९३८ ते १९६० यादविंद्रसिंग, मग १९६० ते १९७५ आणि पुन्हा १९८० ते १९८४ भालिंद्रसिंग. एकाच घरात जवळपास पन्नास वर्षं! मधली चार वर्षं एअर चीफ मार्शल ओम प्रकाश मेहरांची, जे नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. भालिंद्रसिंगांचे चिरंजीव रणधीरसिंग १९८७ ते २०१२ सरचिटणीस. या लोकांनी खेळासाठी काही केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. १९५१ चे पहिले आशियाई खेळ दिल्लीत झाले, त्यामागे यादविंद्रसिंग आणि गुरुदत्त सोंधी यांचे कष्ट होते. रणधीरसिंग स्वतः नेमबाज, १९७८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलेले. तरी या सगळ्या काळात खेळाडूने दाद मागायची तर कुठे, याचं उत्तर एकच होतं: महाराजांकडे.

खाशाबा जाधवांचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड चाचण्या झाल्या तेव्हा पंचांनी आपल्याला डावललं असं त्यांना वाटलं. ते थेट पतियाळाच्या महाराजांकडे गेले, महाराजांनी पुन्हा कुस्ती लावायला सांगितली, खाशाबांनी समोरच्याला चीत केलं, अशी हकीकत सांगितली जाते. मग पैशाची जुळवाजुळव. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० मध्ये, मरणोत्तर. त्यांना जाऊन तोवर सोळा वर्षं झाली होती.

ही गोष्ट आम्ही शाळेत दरवर्षी सांगतो, मुलं टाळ्या वाजवतात. मला मात्र त्यात महाराजांचा मोठेपणा कमी आणि व्यवस्थेची लाज जास्त दिसते. महाराज भेटले नसते तर? त्या दिवशी शिकारीला गेले असते तर? खाशाबांना दाद मिळाली ती एका माणसाच्या मर्जीने. खर्डेकरांसारखा प्राचार्य भेटला तोही नशिबाने. पेठच्या मुलीला महाराज कुठून आणायचे?

राजे गेले, मग राजकारणी आले. विद्याचरण शुक्ल, मधे वृत्तपत्रवाले शिवंती आदित्यन आणि १९९६ पासून आपले पुण्याचे सुरेश कलमाडी, पंधरा वर्षं. या पर्वाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. एकच गोष्ट नाशिककर म्हणून सांगते. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी पहिली भारतीय महिला. इथे मिरवणूक निघाली, ढोल वाजले. एप्रिल २०११ मध्ये त्याच स्पर्धेच्या आयोजन समितीचे प्रमुख कलमाडी यांना अटक झाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मनी लाँडरिंगच्या प्रकरणात ईडीचा तपासबंदीचा अहवाल स्वीकारला, हेही इथे नोंदवते. पण २०१० मध्ये देशाने स्पर्धेबद्दल काय चर्चा केली? कंत्राटं, भाड्याची ट्रेडमिल्स, कोसळलेला पूल. कविताचं नाव आमच्या जिल्ह्याबाहेर किती जणांच्या तोंडी राहिलं?

त्यानंतर ४ डिसेंबर २०१२ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने आपल्याला निलंबित केलं. आपण तरी निवडणूक घेतलीत आणि राष्ट्रकुल प्रकरणात तुरुंगात जाऊन आलेले गृहस्थ बिनविरोध सरचिटणीस झाले. चौदा महिने देश बाहेर. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला शिवा केशवन आणि त्याचे दोन सहकारी तिरंग्याशिवाय, ऑलिम्पिकच्या ध्वजामागून चालले. चारच दिवसांत, ११ फेब्रुवारीला, निलंबन उठलं. समारोपाला तिरंगा मिळाला. तिथेही तेच घडलं बघा. निवडणुका पदाधिकाऱ्यांनी बिघडवल्या आणि झेंडा गेला खेळाडूंच्या हातातून. एवढं होऊनही डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईच्या सभेत कलमाडी आणि अभयसिंह चौटाला या दोन माजी अध्यक्षांना तहहयात अध्यक्षपद बहाल करण्याचा पराक्रम झालाच. ओरड झाली, मंत्रालयाने मान्यता काढली, मग तो ठराव गुंडाळावा लागला.

म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या नव्या घटनेनुसार, आपण अध्यक्ष झालात तेव्हा आम्हाला खरंच आनंद झाला होता, उषा मॅडम. पहिली महिला, पहिली ऑलिम्पिक खेळाडू. लॉस एंजेलिसला १९८४ मध्ये चारशे मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्राँझ हुकलेली बाई आता त्या खुर्चीत आहे म्हटल्यावर शाळेच्या फळ्यावर मी आपलं नाव लिहिलं होतं. खेळाडूंचा आयोग आला, उत्कृष्ट खेळाडूंना मताधिकार मिळाला. कागदावर हे मोठंच पाऊल होतं.

आणि मग? जानेवारी २०२४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून आपण एका बाजूला आणि कार्यकारिणीतले बहुसंख्य सदस्य दुसऱ्या बाजूला. पॅरिसच्या वर्षात! ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने या अंतर्गत वादांकडे बोट दाखवून आपल्याला थेट मिळणारं अनुदान रोखलं. तो वाद मिटायला २०२५ उजाडलं. यात कोण बरोबर, कोण चूक, हे मला ठरवायचं नाही. दोन्ही बाजूंची निवेदनं मी वाचली. पानंच्या पानं आहेत. त्यांत खेळाडू हा शब्द पुष्कळदा येतो, पण कोणत्याही एका खेळाडूची अडचण मात्र कुठे येत नाही.

आमच्या जिल्ह्यातली मुलं पुढे कशी जातात तेही ऐका. दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. विहिरी खोदायच्या कामावर राबलेला मुलगा. चांदवडमध्ये उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं, तिथे नौकानयन कुठलं? सैन्यात गेला, तिथे पहिल्यांदा हातात वल्ही आली, रिओ २०१६ मध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या नौकेत सुवर्ण घेऊन आला. स्वप्नील कुसळे कोल्हापूरच्या कांबळवाडीचा, पण त्याच्या हातात रायफल आली ती नाशिकच्या क्रीडाप्रबोधिनीत. पॅरिसला त्याने ब्राँझ घेतलं, खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. एकाला सैन्याने घडवलं, दुसऱ्याला राज्य सरकारच्या प्रबोधिनीने आणि रेल्वेच्या नोकरीने. ऑलिम्पिक संघटनेचं काम प्रशिक्षण देणं नाहीच, हे मला माहीत आहे. आपलं काम आहे घर सरळ ठेवणं, कोण अधिकृत आणि कोण नाही हे वेळेवर सांगणं. नेमकं तेवढंच होत नाही.

आपण म्हणाल, आता नव्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ येणार, मान्यता तेच देणार, वाद क्रीडा न्यायाधिकरण सोडवणार, आमच्याकडे काय आहे? कायदा मी वाचला आहे. कार्यकारिणी जास्तीत जास्त पंधरा जणांची, त्यात किमान दोन उत्कृष्ट खेळाडू आणि चार महिला, निवडणुकांवर देखरेख, सगळं चांगलं आहे. पण न्यायाधिकरणात जाणार कोण? वकील लावून महासंघ जातील, पदाधिकारी जातील. पेठची मुलगी पडताळणीचा अर्ज घेऊन दिल्लीला न्यायाधिकरणात जाणार आहे का? आणि पाच वर्तुळांच्या वापरावर आपापल्या देशात लक्ष ठेवणं हे तर ऑलिम्पिक सनदेनुसार राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचंच काम आहे. मग गल्लोगल्लीच्या संघटना ती वर्तुळं प्रमाणपत्रावर छापतात तेव्हा आपण कुठे असता? पाड्यावरच्या माणसाला त्या वर्तुळांवर विश्वास वाटतो, म्हणूनच छापतात ना?

मागणी फार मोठी नाही. कोणत्या खेळाची कोणती राष्ट्रीय संघटना आपल्याशी संलग्न आहे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तिच्या खाली महाराष्ट्रात कोण, याची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवा. मराठीत आणि हिंदीतही ठेवा. वाद चालू असेल तर ‘वाद चालू’ असं लिहा, लपवू नका. स्पर्धा सुरू होण्याच्या आधी ती यादी बघता आली पाहिजे, पदक मिळाल्यावर नाही. दुसरं, संलग्नता काढली किंवा हंगामी समिती नेमली, तर त्या पत्रातच एक कलम घाला: वादाच्या काळात ज्या खेळाडूने चांगल्या हेतूने भाग घेतला, त्याचं प्रमाणपत्र ग्राह्य धरावं अशी शिफारस आम्ही केंद्र आणि राज्य सरकारांना करत आहोत. निर्णय सरकारचा असेल, पण शिफारस तरी करा. पदाधिकाऱ्यांना शिक्षा द्यायची तर खुशाल द्या, जन्मभराची बंदी घाला, माझी हरकत नाही. आणि खेळाडूंच्या आयोगाचा एक तरी पत्ता असा ठेवा, जिथे जिल्ह्यातल्या खेळाडूने विचारलं तर महिन्याच्या आत उत्तर येईल. आयोगावरचे खेळाडू स्वतः अशा फाइली घेऊन फिरलेले असतील, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

निवडणुकीच्या तोंडावर कोणत्याही गटाने ही तीन कामं जाहीरपणे मान्य केली, तर आम्ही इथले क्रीडाशिक्षक त्यांचं कौतुक करू. मत आम्हाला नाही, त्यामुळे आमच्या कौतुकाचा आपल्याला उपयोग शून्य, हेही खरं. तरीही लिहिते आहे, कारण पुढची भरती केव्हाही निघेल आणि माझ्या टेबलावर अजून तीन फाइली आहेत, त्याच खेळाच्या, त्याच दोन गटांच्या. त्यांची प्रमाणपत्रं, तारखा आणि दोन्ही गटांची पत्रं मी या पत्रासोबत नोंदणीकृत टपालाने पाठवत आहे. खेळाडूंची नावं झाकली आहेत. आपण उत्तर दिलंत तर नावंही कळवीन.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
पंचवटी, नाशिक